मार्करला लागलेली हळद

मी अकरा वर्षं तळेगावजवळच्या एका कारखान्यात हवेचे व्हॉल्व्ह तपासत होते. समोर पाण्याची टाकी. त्यात व्हॉल्व्ह बुडवायचा, हवा सोडायची आणि बुडबुडा येतो का बघायचं. आला तर लाल चिकटपट्टी, नाही आला तर हिरवी. ऐकायला सोपं वाटतं, पण आठ-आठ तास पाण्यात बघत राहिलं की माणसाला एक खोड लागते आणि ती माझ्या अंगात अजून आहे. कुठलीही वस्तू हातात आली की ही कुठून गळत असेल, हाच पहिला विचार येतो. कुकर, सायकलची ट्यूब, फवारणीचा पंप, शेजारणीने सांगितलेली बातमी. प्रत्येकाला कुठेतरी बुडबुडा असतोच.

मग कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि लाइनवरच्या आम्ही सगळ्या बायका घरी आलो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी माझा व्हर्नियर मलाच देऊन टाकला. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं पोलादी माप, दोन दातांत वस्तू धरायची आणि आकडा वाचायचा. अकरा वर्षं तो माझ्या हातात होता, त्यामुळे पेढ्यांपेक्षा मला त्याचाच आनंद झाला.

आमचं घर पवनानगरच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या डोंगराच्या पोटात. खाली भाताची खाचरं आणि वर वरकस जमीन. वरकस म्हणजे दगड, करवंदाच्या जाळ्या आणि गवत. सासऱ्यांच्या दोन म्हशी सोडल्या तर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. आजूबाजूच्या सगळ्यांनी अशा जमिनींवर तंबू ठोकले होते. शनिवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, शेकोटी करतात, गाणी लावतात आणि रविवारी परत जातात. आमच्याकडेही तंबूवाले दोनदा चहा पिऊन गेले होते. मला तंबू नको होते. तंबूला काय, जागा असली की झालं, तिथे माझ्या अकरा वर्षांचा काही उपयोग नव्हता. मला असं काम हवं होतं ज्यात मला येतं ते लागेल.

ते काम मला लोणावळ्यात नणंदेकडे गेले असताना सापडलं, आणि तेही कानाने. तिच्या घरामागे एक रिसॉर्ट आहे. त्याच्या जाळीत पाहुणे तोंडाला मुखवटे लावून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारत होते. हा पेंटबॉल. मी कपडे वाळत घालत होते आणि मला एक बारीक सुस्कारा ऐकू येत होता, सतत, एकाच पट्टीतला. मी जाळीपाशी जाऊन तिथल्या माणसाला सांगितलं की त्या डावीकडच्या बंदुकीची मागची रिंग गेली आहे. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, ती महिनाभर अशीच आहे, इथे कुणाला उघडता येत नाही. मी ती जाळीपाशीच बसून उघडली.

खेळणारे तिला बंदूक म्हणत नाहीत, मार्कर म्हणतात. मागे दाबलेल्या हवेची बाटली, वर गोळ्यांचं भांडं, पुढे नळी. लहान सुपारीएवढी जिलेटिनची गोळी, आत धुतल्यावर जाणारा रंग. लागली की फुटते आणि माणूस बाद. आत शिरून बघितलं तर हा माझा व्हॉल्व्हच होता, फक्त त्याला नळी आणि घोडा लावलेला. मला इतकं हसू आलं की तो माणूस बावरला.

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकलं आणि विचारलं, की मोठी माणसं पिचकाऱ्या खेळायला इतक्या लांब कशाला येतील. त्यांनी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून म्हशी मात्र वरकसावर न नेता ओढ्याकडे नेऊ लागले. आमच्या आबांचं बोलणं असं असतं. चौदा वर्षं त्या घरात काढून मला ते पाठ झालंय अशी माझी समजूत होती.

मैदान मी आणि वाडीवरच्या मावशीनं उभं केलं. मावशी आमच्या वरच्या ठाकरवाडीतली, पन्नाशीची, अंगाने काटक, आणि नेम असा की दगड मारून करवंदाचा नेमका घोस पाडेल. दगडांच्या आडव्या भिंती, बांबूची कुंपणं, जुनी पिंपं, टायर आणि टेकाडावर छातीएवढा उंच एक किल्ला. माझं माहेर इंदुरीचं. तिथल्या गढीच्या बुरुजावर मी लहानपणी इतकी चढउतार केली आहे की किल्ल्याचा दरवाजा सरळ कधी ठेवायचा नसतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मार्कर मात्र मी त्या रिसॉर्टकडूनच जुने घेतले, स्वस्तात मिळाले म्हणून. वरून पुसून चकचकीत केलेले होते. ज्या बाईने अकरा वर्षं लाल पट्ट्या चिकटवल्या तिने ते पाण्यात बुडवूनसुद्धा बघितले नाहीत. आपलं काम सुरू होतंय याचा इतका आनंद होता की डोकं गहाण पडलं होतं. त्याची शिक्षा श्रावणात मिळाली.

श्रावणात पुण्याहून एक मंडळ आलं. त्यांचा म्होरक्या चाळिशीतला, चष्मेवाला, कॉम्प्युटरवर काम करणारा. सगळे त्याला कप्तान म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ही माणसं अर्धा तास गोळ्या मारून परत जाणारी नव्हती. ती कथेवरचा खेळ खेळत, ज्याला ते सिनॅरिओ म्हणतात. कप्तान घरून फाइल घेऊन येई. एका बाजूकडे किल्ला आणि तीन दिवसांचं धान्य, दुसरी बाजू वेढा घालून बसलेली, कुणी जासूद, कुणी फितूर, आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत ती गोष्ट डोंगरावर चालायची. अर्ध्या तासाच्या खेळात मार्कर बिघडला तर माणूस हसतो. दिवसभराच्या खेळात बिघडला तर महिनाभर वाट बघितलेला त्याचा रविवार फुकट जातो.

त्या दिवशी अकरा वाजता पहिला मार्कर गेला. दोन वाजेपर्यंत सहा गेले. उघडले तर आतल्या रबरी रिंगा भिजलेल्या हरभऱ्यासारख्या फुगलेल्या. कुणीतरी त्यात गंज काढायचं तेल भरभरून मारलं होतं, आणि ते तेल रबर खातं. शिवाय आमच्या दमट हवेत गोळ्यांनी बाळसं धरलं होतं, त्या नळीतच फुटत होत्या. माणसं रंगाने भरलेल्या नळ्या घेऊन झाडाखाली बसून राहिली. कप्तान एक शब्द वाकडा बोलला नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी मोठा खेळ आहे, तो इथे एकदा करून बघू, नाही जमलं तर दुसरं मैदान पाहावं लागेल, एवढंच म्हणाला.

आबांनी हे सगळं खाली गोठ्यातून बघितलं होतं. जेवताना ते म्हणाले, "दसऱ्यानंतरचा रविवार. त्यो जमला तर जमीन तुजी. न्हाई तर तंबूवाल्यास्नी दिऊन टाकतो." आबा एवढं लांब क्वचितच बोलतात. मी ताटातला भात संपवला आणि ठरवलं की आता कुणाचंही ऐकायचं नाही.

मार्कर निवडायचा म्हणजे काय करायचं हे मला त्या रात्री झोप लागेपर्यंत स्पष्ट झालं होतं. पुण्यातल्या एका दुकानदाराकडून मी दोन प्रकारचे मार्कर आठ दिवसांच्या बोलीवर आणले. एक विजेवरचा. हलका, काळा, देखणा, घोडा नुसता कुरवाळला की गोळी सुटते. त्याच्या आत एक प्रकाशाचा डोळा असतो, तो गोळी नीट बसली का बघतो आणि मगच सोडतो, त्यामुळे गोळी कापली जात नाही. दुसरा साधा. स्प्रिंग, हातोडी, तीन रिंगा. मुसळासारखा जड आणि आवाज टाळी वाजवल्यासारखा.

खरं सांगते, माझा जीव त्या काळ्यावर बसला होता. तपासणाऱ्या बाईला डोळा असलेलं यंत्र आवडणारच. कप्तानानेही फोनवर तोच घ्यायला सांगितलं होतं, कारण हल्ली सगळे तोच वापरतात.

पण निवड आवडीने करायची नसते, एकदा पोळल्यावर तर मुळीच नाही. आठ दिवस मी दोघांचे हाल केले. साबणाचं पाणी लावून प्रत्येक सांधा बघितला. रात्रभर पडवीच्या पत्र्यावर दवात ठेवले. तांबड्या चिखलात पाडले, किल्ल्याच्या भिंतीवरून खाली टाकले. धुक्यात सकाळी सहा वाजता आणि उन्हात दुपारी दोन वाजता, जुन्या पत्र्यावर खडूने गोल काढून शंभर-शंभर गोळ्या मारल्या. गोळ्या सकाळ-संध्याकाळ व्हर्नियरने मोजल्या आणि आमच्या हवेत त्या किती फुगतात ते पाहून नळी थोडी सैल निवडली. काळा मार्कर सहा दिवस राजासारखा चालला. सातव्या दिवशी धुक्यात त्याचा दिवा तांबडा झाला आणि तो बसला. सुकवल्यावर पुन्हा चालू झाला, पण का बसला आणि का उठला हे त्याने मला सांगितलं नाही. न बोलता बिघडणाऱ्या वस्तूचा मला राग येतो.

मावशी भिंतीवर बसून माझे हे प्रयोग बघत होती. तिने दोन्ही मार्कर हातात घेतले. काळ्याचे स्क्रू जोंधळ्याच्या दाण्याहून बारीक. साध्याची एक पिन बोटाने ओढली की सगळं पोटातलं बाहेर. तिने ती ओढली, पदराने पुसून परत बसवली आणि म्हणाली, "वैनी, जी हितं चिखलात बसून मला उघडाय येती, तीच घ्या. बिगडायचं तर समदंच बिगडतं."

अकरा वर्षं मी न गळणारी वस्तू शोधत आले. गळल्यावर कुणाच्या हाताने सावरता येते ते बघायचं, हे मला त्या भिंतीवर कळलं. शेवटची परीक्षा मी माझ्या पद्धतीने घेतली. साधा मार्कर पिशवीत घालून सोमाटणे फाट्यावर नेला आणि हवेच्या पाइपांच्या दुकानात त्याच्या तिन्ही रिंगा काउंटरवर ठेवल्या. दुकानदाराने न उठता तिन्ही मापं काढून दिली. सोमाटण्यात जे मिळत नाही ते मी मैदानावर आणत नाही, हा माझा नियम तेव्हापासूनचा. चौदा मार्कर घेतले, सगळे एकाच जातीचे, म्हणजे एकाचा अवयव दुसऱ्याला बसावा. पाठीवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले.

कप्तान खेळाच्या आठवडाभर आधी मैदान बघायला आला. आमचे मार्कर बघून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्याने चष्मा पुसण्याच्या निमित्ताने लपवलं. इतके जुन्या पद्धतीचे कशाला, असं मात्र त्याने विचारलं. मी म्हटलं, तुमचा तुम्ही आणा, माझ्या माणसांना मी हेच देणार. त्याचा स्वतःचा काळा मार्कर गाडीत होताच, फार महागाचा. त्याने हवा जोडून दाखवली आणि मला पुन्हा तो बारीक सुस्कारा ऐकू आला. त्याला ऐकू येत नव्हता. मी तो ठेवून घेतला, रिंगा बदलून रविवारी तयार देते म्हणाले. ते पाच दिवस मी रोज संध्याकाळी पडवीत त्याच्यापाशी बसत होते. सुस्कारा गेला तेव्हा मी आबांना दाखवण्यासाठी तो पाण्याच्या बादलीवर धरून साबण लावून दाखवला. ते बराच वेळ बघत होते.

त्या वर्षी शुक्रवारी खंडेनवमी आली, शनिवारी दसरा आणि रविवारी आमचा खेळ.

खंडेनवमीला आमच्या घरात अवजारं पुजतात. आबा ओटीवर काळी घोंगडी अंथरतात आणि तिच्यावर कोयता, विळे, पहार, कुदळ, नांगराचा जुना फाळ मांडतात. पॉवर टिलर दाराशी धुऊन उभा असतो. हळदकुंकू, अक्षता, झेंडू. एकदा पुजलेलं अवजार दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत जागचं हलवायचं नाही. या घोंगडीशी माझा एक जुना हिशेब होता. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी कारखान्यातून व्हर्नियर घरी आणला होता आणि मोठ्या हौसेने तो कोयत्याशेजारी ठेवला होता. आबांनी तो उचलून हळूच खिडकीत ठेवला. "ह्यो घरचा न्हाई, कंपनीचा हाय. घर ज्याच्यावर चालतं त्येच हितं," म्हणाले. रागाने नाही, नियम म्हणून. मी परत कधी काही ठेवलं नाही.

तर त्या शुक्रवारी मी पुरणाच्या गडबडीत होते. हात पुसत बाहेर आले तर घोंगडी नेहमीपेक्षा दुप्पट लांब होती. कोयता-विळ्यांच्या पुढे माझे चौदा मार्कर ओळीने आकड्यांप्रमाणे मांडलेले. मध्यभागी, नारळाच्या मागे, कप्तानाचा काळा मार्कर. आबांनी पेटीतून सगळे स्वतः काढले होते. पूजाही होऊन गेली होती. प्रत्येकावर झेंडूची फुलं ओतलेली, काळ्यावर तर हारच.

माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, आता रविवारपर्यंत हे हलवता येणार नाहीत, माझी शनिवारची तपासणी बुडाली. म्हाताऱ्यांना कुणी सांगितलं होतं हा खटाटोप करायला. पण सणाच्या दिवशी वाद नको म्हणून परत पुरणाकडे वळले. फुलांखाली काय आहे ते वाकून बघितलंसुद्धा नाही.

रविवारी उजाडताच मी आणि मावशीनं फुलं बाजूला केली. आबांनी घड्याला, मडक्याला लावतात तशी प्रत्येकाच्या तोंडाला हळद लावली होती. नळीच्या तोंडाला आणि गोळ्या पडतात त्या मानेलाही, ओली, बोट आत घालून. वरून अक्षता टाकल्या होत्या, त्याही आत गेलेल्या. हळद दोन दिवसांत सुकून कडक झाली होती. आम्ही दोघी ओटीवर बसलो आणि एकामागून एक पिना ओढल्या. ओल्या फडक्याने पुसायचं, नळीतून चिंधी ओढायची, तांदूळ झटकायचे, पिन बसवायची. तासाभरात चौदाही मार्कर पत्र्यावर टाळ्या वाजवत होते.

मग मी काळा घेतला. हवा जोडली, चालू केला. दिवा तांबडा. आबांनी त्याला सगळ्यात जास्त हळद लावली होती आणि ती मानेतून उतरून बरोबर त्या प्रकाशाच्या डोळ्यावर जाऊन सुकली होती. मी बारीक स्क्रू काढले, कापसाच्या काडीने डोळा पुसला. दिवा तांबडाच. ओल आतल्या सर्किटपर्यंत गेली होती. आणि खालच्या वळणावर गाड्यांचे हॉर्न वाजले.

कप्तान पंचवीस माणसं घेऊन वर आला तेव्हा मी स्क्रूंच्या मध्ये बसले होते आणि आबा ओटीच्या पायरीवर उभे होते. माझं डोकं फिरलं. त्या सगळ्या परक्या माणसांदेखत मी सासऱ्यांना म्हणाले, "आबा, तुमाला कुनी सांगितलं व्हतं ह्याला हळद लावाया? माज्या कामात हात घालू नका. समदा दिवस नासवला माजा."

त्यांनी हात धोतराला पुसले आणि गोठ्याकडे गेले. पंचवीस माणसं बुटांकडे बघत होती.

कप्तानाने आपला मार्कर हातात घेतला, तांबडा दिवा बघितला, बोटाने हळद चाचपली. वाईट वाटलं त्याला, ते दिसत होतं. मी माफी मागितली आणि आमचा सात नंबर त्याच्यापुढे धरला. कडू औषध घ्यावं तसा त्याने तो घेतला.

त्या दिवसाचा खेळ मला तासातासाने आठवतो. कप्तानाची बाजू किल्ल्यात होती आणि पाचपर्यंत किल्ला राखायचा होता. अकरापर्यंत ऊन होतं. मग पवनेच्या पाण्यावरून ढग वर सरकले आणि बाराच्या सुमारास डोंगर धुक्यात गेला, मागोमाग परतीच्या पावसाची झिमझिम. श्रावणातला दिवस आठवून मी घाबरायला हवं होतं. पण मला भीती वाटली नाही. मी पंच म्हणून शिट्टी घेऊन भिंतींमधून फिरत होते आणि धुक्यात काही दिसत नव्हतं तरी ऐकू येत होतं. चौदा टाळ्या. मी त्या मोजत होते. एक कमी झाली की मला कळायचं.

एकदा कमी झाली, दीडच्या सुमारास. नऊ नंबर, चिखलात तोंड खुपसून पडला होता. मी पोहोचेपर्यंत मावशी दगडाआड उकिडवी बसून पिन ओढून बसली होती. पदराने पुसून तिने तो खेळणाऱ्या मुलीच्या हातात परत दिला आणि टाळी परत चालू झाली. उलट, काही जणांनी घरून आणलेल्या विजेवरच्या मार्करपैकी तीन दुपारभर रुसले होते. ते आमच्या पडवीत पंख्याखाली वाळत पडले.

पाच वाजता मी शेवटची शिट्टी वाजवली तेव्हा किल्ल्याच्या मागच्या भिंतीशी कप्तान एकटा उरला होता, कोपरांपर्यंत तांबडा, चष्म्यावर चिखल. सात नंबर त्याच्या हातात होता. त्याने तो मला परत देताना आधी शर्टाच्या कोरड्या कोपऱ्याने पुसला. मग विचारलं, पुढच्या महिन्यात कुठला रविवार मोकळा आहे. आणि त्याच्या पुढच्या महिन्यात. स्वतःच्या मार्करबद्दल तो म्हणाला की डोळा नवा बसवता येतो, काळजी करू नका.

गाड्या उतरल्यावर मी सरळ गोठ्यात गेले. सकाळी जे बोलले होते ते मनात होतंच, पण खरं सांगायचं तर आधी जिंकल्याचं सांगायचं होतं. आबा म्हशीपुढे वैरण टाकत होते. मी म्हटलं, रविवार जमला आबा, कप्तान पुढचे दोन रविवार घेऊन गेला, आता जमीन माझी.

ते वैरण टाकत राहिले. मग म्हणाले, "मी गुरुवारीच तंबूवाल्यास्नी न्हाई म्हनून सांगून आलो. त्याबिगर तुजी अवजारं घोंगडीवर ठिवली असती व्हय?"

घर ज्याच्यावर चालतं तेच घोंगडीवर. नियम मला ठाऊक होता, दुसऱ्या वर्षापासून. चौदा मार्कर आकड्यांप्रमाणे ओळीने मांडलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते, आणि मला त्यात फक्त बुडालेली तपासणी दिसली होती. जमीन मला शुक्रवारीच मिळाली होती. ज्या हळदीने मिळाली तिच्यावरून मी त्यांना पंचवीस माणसांत बोलले होते.

मला रडू आलं. म्हशीच्या आड उभी राहून मी म्हटलं, आबा, सकाळचं चुकलं माझं.

"त्यो काळा परक्याचा हाय ह्ये मला न्हवतं ठावं," ते म्हणाले. "तू त्याच्यापाशी लय बसायचीस. म्हटलं ह्यो तुजा सगळ्यात चांगला असंल." आणि टोपली उपडी करून ते हातपाय धुवायला गेले.

पुढच्या खंडेनवमीला मी पुरण जावेवर सोपवलं आणि सकाळपासून ओटीवर बसले. मार्कर मी मांडले, प्रत्येकाच्या नळीला कापडी टोपी घालून, मानेत बूच बसवून. आबा हळदीची वाटी घेऊन आले. पहिल्याशी थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मुठीची जागा दाखवली, त्यांनी तिथे बोट टेकवलं. चौदाही वेळा विचारलं, चौदाही वेळा दाखवलं. सात नंबरच्या मानेवर मागच्या वर्षीचा पिवळा डाग होता, तो मी घासून काढला नव्हता. त्यांना तो दिसला.

शेवटचा मार्कर झाल्यावर ते वाटी खाली ठेवतील असं वाटलं. पण ते घोंगडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुजं त्ये मापायचं कुटं हाय?"

मी आत जाऊन खणातून व्हर्नियर आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कोयता थोडा सरकवला आणि नारळाच्या मागे, बरोबर मध्यभागी ठेवला. मग वाटीतली उरलेली सगळी हळद बोटावर घेऊन त्याच्या दातांत भरली. असल्या मापाला हळद तर सोडाच, घामाचा हातसुद्धा लावायचा नसतो. मी त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं.